बॅक ईएमएफ पुरवठ्याला विरोध करते, मग मोटर काम कशाच्या बळावर करते?

प्रश्न : नवशिका

नमस्कार मंडळी. डीसी मोटरमधील बॅक ईएमएफ, म्हणजे विरोधी विद्युतचालक बल, याविषयी एक शंका बरेच दिवस मनात घोळते आहे. व्याख्येपुरती अडचण नाही. आर्मेचर (मोटरचा तारांची गुंडाळी असलेला फिरणारा भाग) चुंबकीय क्षेत्रात फिरू लागले की त्याच्या तारांमध्ये विद्युतचालक बल प्रवर्तित होते आणि लेन्झच्या नियमानुसार ते पुरवठ्याच्या व्होल्टेजला विरोध करते, एवढे समजले आहे. घोटाळा होतो तो त्यापुढे.

माझ्यासमोर कायमचुंबकाची २४ व्होल्टची मोटर आहे. तिच्या आर्मेचरचा रोध ०.५ ओहम आहे. नुसता ओहमचा नियम लावला, तर प्रवाह ४८ अँपिअर यायला हवा. पण शाफ्टवर काहीही न जोडता मोटर मोकळी फिरवली, तर ती जेमतेम १ अँपिअर घेते. बॅक ईएमएफ २३.५ व्होल्ट असल्यामुळे रोधाच्या वाट्याला अर्धाच व्होल्ट उरतो, असे त्याचे स्पष्टीकरण मिळते आणि आकडेही जुळतात. पण मग मोटर खऱ्या अर्थाने अर्ध्या व्होल्टवर चालते, असे म्हणायचे का? २४ पैकी २३.५ व्होल्ट जर विरोध मोडून काढण्यातच खर्ची पडत असतील, तर अशी मोटर ऊर्जेची उधळपट्टी करणारी ठरायला हवी. प्रत्यक्षात मात्र चांगल्या मोटरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. या दोन गोष्टींचा मेळ मला बसवता आलेला नाही.

दुसरी शंका याला लागूनच आहे. रिलेची, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणाऱ्या स्विचची, कॉइल बंद करताना जे मोठे व्होल्टेज उसळते, त्यालाही अनेक जण बॅक ईएमएफच म्हणतात. तेथे तर काहीच फिरत नसते. हे दोन्ही एकच आहे का? आणि शेवटचे म्हणजे, मोटरवर भार टाकताच ती जास्त प्रवाह घेऊ लागते. भार वाढल्याची वर्दी तिला कोण देते? जाणकारांनी सविस्तर सांगितल्यास आभारी राहीन.

उत्तर १ : चुंबकसूची

आपल्या प्रश्नाचे मूळ एका गृहीतकात आहे. जे विरोध करते ते वाया घालवते, असे आपण धरून चालला आहात. मोटरच्या बाबतीत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ऊर्जा वाया जाते ती रोधात. बॅक ईएमएफमध्ये ती वाया जात नाही, तिचे रूप बदलते.

विहिरीवरच्या रहाटाने पाणी शेंदताना हाताला दोन प्रकारचा विरोध जाणवतो: एक भरलेल्या पोहऱ्याच्या वजनाचा आणि दुसरा कुरकुरणाऱ्या रहाटाच्या घर्षणाचा. दोन्हींविरुद्ध जोर लावावाच लागतो, पण वजनाविरुद्ध लावलेला जोर पाणी वर आणतो आणि घर्षणाविरुद्ध लावलेला जोर फक्त आस तापवतो. पोहऱ्याला वजनच नसते, तर हाताला सुख झाले असते, पण पाणीही वर आले नसते. मोटरमध्ये बॅक ईएमएफ हे त्या वजनाच्या जागी आहे आणि आर्मेचरचा रोध हा घर्षणाच्या जागी.

आता हेच आकड्यांत मांडू. पुरवठ्याचे व्होल्टेज म्हणजे बॅक ईएमएफ अधिक रोधावर पडणारे व्होल्टेज. या समीकरणाला दोन्ही बाजूंनी प्रवाहाने गुणा. डावीकडे मोटरने पुरवठ्यातून घेतलेली एकूण शक्ती मिळते. उजवीकडे दोन पदे उरतात: बॅक ईएमएफ गुणिले प्रवाह आणि प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. दुसरे पद म्हणजे गुंडाळीत निर्माण होणारी उष्णता, यात कोणाचे दुमत नाही. पहिले पद म्हणजे विद्युत रूप सोडून यांत्रिक रूप धारण करणारी शक्ती. ती दुसरीकडे कोठे जाणार? विद्युत बाजूने पाहिले तर मोटरमधून बाहेर पडण्याचा तेवढा एकच दरवाजा आहे.

आपल्याच मोटरवर इतका भार टाका की ती ६ अँपिअर घेईल. रोधावर ३ व्होल्ट पडतील आणि बॅक ईएमएफ २१ व्होल्ट राहील. पुरवठ्यातून आलेले १४४ वॅट. त्यांपैकी १८ वॅट तारा तापवण्यात गेले आणि १२६ वॅट यांत्रिक झाले. म्हणजे २१ भागिले २४, साडेसत्त्याऐंशी टक्के. बेअरिंग, ब्रश आणि लोखंडी गाभ्यातील नुकसान यातून आणखी वजा होईल. पण मुख्य हिशेब हाच आहे. बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या जितके जवळ, तितकी मोटर कमी ऊर्जा वाया घालवते.

आता दुसरे टोक पाहा. शाफ्ट घट्ट धरून ठेवला, म्हणजे वेग शून्य आणि बॅक ईएमएफही शून्य. विरोध पूर्ण नाहीसा झाला. आपल्या शंकेतील तर्कानुसार मोटरने या वेळी सर्वांत जास्त काम करायला हवे. प्रत्यक्षात ४८ अँपिअर वाहतात, ११५२ वॅट ओढले जातात आणि त्यांतला प्रत्येक वॅट गुंडाळी भाजून काढतो. टॉर्क, म्हणजे शाफ्टला फिरवू पाहणारा जोर, भरपूर असतो, पण शाफ्ट हलतच नसल्यामुळे काम शून्य. अडकून पडलेली मोटर काही सेकंदांत धुरकटते, त्याचे कारण हेच.

मोकळ्या मोटरबद्दलही सांगतो, कारण आपली शंका तेथून सुरू झाली. १ अँपिअर आणि २३.५ व्होल्ट म्हणजे साडेतेवीस वॅट यांत्रिक बाजूला जात आहेत. बाहेर भार नसल्यामुळे ते सगळे घर्षण, वाऱ्याचा अवरोध आणि गाभ्यातील नुकसान भरून काढण्यात संपतात. घर्षणच नसलेली आदर्श मोटर असती, तर तिचे बॅक ईएमएफ बरोबर २४ व्होल्टला पोचले असते आणि तिने मोकळे फिरताना मुळीच प्रवाह घेतला नसता.

भाराच्या वर्दीबद्दल : ही वर्दी वेगामार्फत पोचते. भार वाढला की क्षणभर मोटरचा टॉर्क अपुरा पडतो आणि वेग उतरतो. वेग उतरला की बॅक ईएमएफ त्याच प्रमाणात उतरते, रोधाच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येते, प्रवाह वाढतो आणि प्रवाहाबरोबर टॉर्कही वाढतो. नवा टॉर्क भाराला पुरा पडेपर्यंत ही घसरण चालू राहते आणि तेथे थांबते. आपली मोटर मोकळी असताना मिनिटाला २३५० फेरे घेत असेल, तर ६ अँपिअरच्या भारावर ती २१०० फेऱ्यांवर स्थिरावेल. प्रवाह सहापट झाला, वेग मात्र फक्त दहा-अकरा टक्क्यांनी उतरला. कोणताही नियंत्रक न जोडता मिळणारे हे स्वयंनियमन मला विद्युतयंत्रांतील सर्वांत देखण्या गोष्टींपैकी एक वाटते.

उत्तर २ : गुंडाळी

वरील विवेचनाशी पूर्ण सहमत. मी फक्त रिलेबद्दल लिहितो, कारण तेथे खरोखरच दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली वावरत आहेत.

दोन्हींच्या मुळाशी फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलेले प्रवर्तनच आहे: गुंडाळीतून जाणारा चुंबकीय फ्लक्स बदलला की तिच्यात विद्युतचालक बल निर्माण होते. फरक आहे तो फ्लक्स कशामुळे बदलतो यात. मोटरमध्ये तार चुंबकीय क्षेत्रातून सरकत असते. त्यामुळे प्रवाह अगदी स्थिर असला, तरी बॅक ईएमएफ कायम असते आणि ते वेग व क्षेत्राची तीव्रता यांवर ठरते. रिलेच्या कॉइलमध्ये फ्लक्स तिच्या स्वतःच्याच प्रवाहाचा असतो. तो बदलतो प्रवाह बदलला तरच. प्रवाह स्थिर झाला की हे स्व-प्रवर्तित बल शून्य होते आणि कॉइल केवळ एक रोध उरते. म्हणूनच चालू स्थितीतल्या डीसी रिलेला सरळ ओहमचा नियम लावता येतो आणि फिरत्या मोटरला लावता येत नाही.

दिशेबाबतही एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. कॉइल चालू करताना प्रवाह वाढत असतो, तेव्हा प्रवर्तित बल पुरवठ्याला विरोध करते. बंद करताना प्रवाह घटू लागतो, तेव्हा तेच बल उलटते आणि प्रवाह होता त्याच दिशेने चालू ठेवण्यासाठी झटते. म्हणजे त्या क्षणी कॉइल पुरवठ्याच्या विरोधात नव्हे, तर पुरवठ्याच्याच दिशेने जोर लावत असते. लेन्झचा नियम बदलाला विरोध सांगतो. पुरवठ्याशी त्याचे काही वैर नाही.

१२ व्होल्टचा, ४०० ओहम कॉइलचा रिले घ्या. चालू असताना तिच्यातून ३० मिलीअँपिअर वाहतात. ट्रान्झिस्टरने वाट अचानक तोडली, तरी कॉइलमधील चुंबकीय ऊर्जा त्या क्षणी नाहीशी होऊ शकत नाही. ते ३० मिलीअँपिअर कोठून तरी वाहणारच. वाट मिळेपर्यंत कॉइलच्या टोकाचे व्होल्टेज चढत जाते, सहज काहीशे व्होल्टपर्यंत, आणि ट्रान्झिस्टर त्याखाली मोडतो. यावरचा सर्वपरिचित उपाय म्हणजे कॉइलला समांतर, उलटा जोडलेला डायोड. त्याची पट्टीची बाजू पुरवठ्याच्या धन टोकाकडे असली पाहिजे. मग कॉइलचे टोक पुरवठ्यापेक्षा साधारण ०.७ व्होल्टच वर जाते आणि प्रवाह डायोडमधून गोल फिरत विरून जातो.

या उपायाची एक किंमत मोजावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी सांगितली जात नाही. विरोधी व्होल्टेज इतके कमी ठेवले की प्रवाह सावकाश मरतो, रिलेचे संपर्क आळसटल्यासारखे उघडतात आणि मोठा भार तोडताना त्यांच्यात ठिणगी जास्त वेळ टिकते. संपर्कांचे आयुष्य महत्त्वाचे असेल, तर डायोडबरोबर एकसरीत, समजा, २४ व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला उलट दिशेनेही प्रवाह वाहू देणारा डायोड) जोडावा. प्रवाह किती तरी लवकर संपतो. फक्त ट्रान्झिस्टर ३७ व्होल्ट सहन करणारा हवा.

जाता जाता, ट्रान्सफॉर्मरची प्राथमिक गुंडाळी याच तत्त्वावर जिवंत राहते. तिचा रोध अगदी थोडा असतो. एसी पुरवठ्यावर सतत बदलणाऱ्या फ्लक्समुळे प्रवर्तित होणारे बलच तिचा प्रवाह आटोक्यात ठेवते. तिला तेवढ्याच व्होल्टेजच्या डीसीवर जोडले, तर हा आधार निघून जातो आणि गुंडाळी जळते.

नवशिका

दोघांचेही मनापासून आभार. रोध आणि बॅक ईएमएफ यांना मी एकाच पारड्यात टाकत होतो, हे आता उमगले. उत्तर १ मधील हिशेब मी पुढे नेऊन पाहिला. बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या निम्मे, म्हणजे १२ व्होल्ट असेल, तर प्रवाह २४ अँपिअर येतो आणि यांत्रिक शक्ती २८८ वॅट. बॅक ईएमएफ त्याहून कमी किंवा जास्त घेतले, तरी शक्ती कमीच भरते. मग मोटर याच बिंदूवर चालवावी, असे का सांगत नाहीत? आणि दुसरे, बॅक ईएमएफ स्वतंत्रपणे मोजता येते का, की ते नेहमी समीकरणातूनच काढावे लागते?

उत्तर ३ : चुंबकसूची

हिशेब बरोबर आहे. त्या बिंदूवर यांत्रिक शक्ती सर्वाधिक असते, पण तेवढीच, म्हणजे २८८ वॅट उष्णताही गुंडाळीत निर्माण होते. कार्यक्षमता पन्नास टक्के. ६ अँपिअरच्या भाराशी तुलना करा: शक्ती दुपटीहून थोडी अधिक मिळते, उष्णता मात्र सोळापट होते. एवढी उष्णता बाहेर टाकण्याची सोय त्या आकाराच्या मोटरमध्ये सहसा नसते, म्हणून सततच्या कामासाठी तिची क्षमता त्याच्या कितीतरी खाली ठरवलेली असते.

जास्तीत जास्त शक्ती आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता यांची गल्लत फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात या पन्नास टक्क्यांच्या निष्कर्षावरून मोटरची कार्यक्षमता निम्म्याच्या वर जाऊच शकत नाही, असा समज काही काळ पसरला होता. बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या जवळ नेऊन, शक्तीच्या शिखरापासून दूर राहून काम घेता येते आणि तेच शहाणपणाचे आहे, हे रुजायला वेळ लागला.

उत्तर ४ : दोलनदर्शी

मोजण्याच्या प्रश्नाचे उत्तर मी देतो, कारण ही गोष्ट डोळ्यांनी पाहता येते आणि एकदा पाहिली की बाकीचे सगळे आपोआप जागेवर बसते.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे आपल्या मोटरचा शाफ्ट दुसऱ्या मोटरने फिरवणे. तिच्या टोकांना व्होल्टमीटरखेरीज काहीही जोडू नये. प्रवाह नाही, म्हणून रोधावर व्होल्टेज पडत नाही आणि मीटर जे दाखवतो ते थेट प्रवर्तित बल असते. मिनिटाला १००० फेऱ्यांना १० व्होल्ट मिळाले, तर २००० फेऱ्यांना २० व्होल्ट मिळतील. हेच यंत्र पुरवठ्यावर चालवले असता जे बॅक ईएमएफ ठरते आणि जनित्र म्हणून फिरवले असता जे व्होल्टेज मिळते, ते एकच आहे. कायमचुंबकाच्या मोटरमध्ये या दोन्ही भूमिकांत यंत्राच्या रचनेत कणभरही बदल होत नाही.

दुसरा मार्ग ऑसिलोस्कोपचा. मोटर मॉस्फेटने (स्विचसारख्या वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरने) चालू-बंद करा, तिला समांतर डायोड जोडा आणि प्रोब थेट मोटरच्या दोन टोकांवर लावा. मॉस्फेट चालू असेपर्यंत रेषा २४ व्होल्टवर सपाट दिसेल. बंद करताच ती शून्याच्या किंचित खाली, उणे ०.७ व्होल्टच्या आसपास आपटते आणि अगदी थोडा वेळ तेथेच चिकटून राहते. आर्मेचरच्या इंडक्टन्समधील प्रवाह डायोडमधून विरत असल्याची ती खूण. उत्तर २ मध्ये वर्णन केलेले रिलेचे प्रकरण ते हेच. तो प्रवाह संपला की रेषा एकदम वर उडी घेते आणि २३ व्होल्टच्या आसपास स्थिरावते. पुरवठा तर केव्हाच तुटला आहे. हे व्होल्टेज मोटरचे स्वतःचे, म्हणजेच खरे बॅक ईएमएफ. त्यानंतर मोटर जशी मंदावत जाते, तशी ही रेषा संथपणे शून्याकडे उतरते आणि कॉम्युटेटरच्या (ब्रशमधून आर्मेचरला प्रवाह पोचवणाऱ्या फिरत्या भागाच्या) पट्ट्यांमुळे उमटणारी बारीक तरंगरेघ तिच्यावर स्पष्ट दिसते. आपण ज्या दोन गोष्टी एकच का म्हणून विचारले, त्या या एकाच आलेखात, एकीला धन आणि दुसरीला ऋण चिन्ह घेऊन, शेजारी-शेजारी उभ्या असतात.

हे केवळ प्रयोगापुरते नाही. अनेक वेगनियंत्रक पुरवठा बंद असलेल्या क्षणी याच पातळीचे वाचन करून वेग ओळखतात. ब्रशलेस मोटर चालवण्याच्या साध्या पद्धतीत तिच्या तीन फेजपैकी (गुंडाळ्यांपैकी) एका वेळी दोनच वापरल्या जातात; मोकळ्या तिसऱ्या फेजवरील बॅक ईएमएफ मध्यबिंदू केव्हा ओलांडते, यावरून रोटर कोठे आहे हे सेन्सरशिवाय कळते. मोटर थांबलेली असताना मात्र हा संकेतच नसतो, म्हणून असे नियंत्रक सुरुवातीचे काही फेरे अंदाजाने ढकलतात. अशा मोटर सुरू होताना कधीकधी थरथरतात, ते यामुळेच.

नवशिका

आलेखाच्या वर्णनाने फार मदत झाली. एक शेवटची शंका. शाफ्ट बाहेरून इतका वेगाने फिरवला की बॅक ईएमएफ पुरवठ्याच्या वर गेले, तर काय होते? आणि जेथे कायमचुंबकाऐवजी फील्डची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी, गुंडाळी असते, तेथे क्षेत्र कमी केले की वेग वाढतो असे वाचले. चुंबक दुबळा केल्यावर मोटर जोरात कशी फिरेल?

उत्तर ५ : चुंबकसूची

बॅक ईएमएफ २४ व्होल्टच्या वर गेले की फरकाचे चिन्ह बदलते आणि प्रवाह उलटा, मोटरकडून पुरवठ्याकडे वाहू लागतो. प्रवाहाबरोबर टॉर्कही उलटतो, म्हणजे मोटर शाफ्टला रोखू लागते. उतारावरून येणारे विद्युत वाहन बॅटरी भरते ते याच रीतीने. वाहन संथ असले, तरी नियंत्रक हे कमी व्होल्टेज वाढवून बॅटरीपर्यंत पोचवतो. याची धोकादायक बाजू अशी की, भरवेगात फिरणाऱ्या मोटरला पुरवठा उलटा जोडला, तर विरोध करणारे बॅक ईएमएफ मदतनीस बनते. २४ आणि २३.५ यांची बेरीज होऊन ०.५ ओहमवर पडते आणि ९५ अँपिअर वाहतात, अडकलेल्या मोटरच्या जवळपास दुप्पट. म्हणून दिशा बदलण्यापूर्वी मोटर थांबू द्यावी किंवा मध्ये रोध जोडावा.

क्षेत्राबद्दल पुन्हा आकडे घेऊ. फील्डची गुंडाळी असलेली, बाकी सर्व बाबतींत आपल्या मोटरसारखीच मोटर ६ अँपिअरवर, २१०० फेऱ्यांनी चालली आहे आणि बॅक ईएमएफ २१ व्होल्ट आहे. क्षेत्र दहा टक्क्यांनी कमी केले. वेग क्षणात बदलत नाही, म्हणून बॅक ईएमएफ १८.९ व्होल्टवर येते आणि प्रवाह १०.२ अँपिअरवर जातो. क्षेत्र घटले एक दशांशाने, पण प्रवाह वाढला सत्तर टक्क्यांनी. म्हणजे टॉर्क दीडपट झाला आणि मोटर वेग घेऊ लागली. वेगाबरोबर बॅक ईएमएफ पुन्हा चढते आणि भाराचा टॉर्क तोच असेल, तर साधारण २३०० फेरे आणि ६.७ अँपिअरवर सारे स्थिर होते. दुबळे क्षेत्र तेवढेच बॅक ईएमएफ देण्यासाठी जास्त वेग मागते, हे त्याचे सार. हा खेळ अमर्याद चालत नाही. क्षेत्र घटवत नेले की त्याच भारासाठी प्रवाह वाढत जातो आणि उष्णता आड येते.

फील्डची तार चालू स्थितीत तुटली, तर मात्र परिस्थिती हाताबाहेर जाते. गाभ्यात उरलेल्या किरकोळ चुंबकत्वावर बॅक ईएमएफ जवळपास नाहीसे होते, प्रवाह भडकतो आणि हलक्या भारावरील मोटर आर्मेचर फुटेपर्यंत वेग घेऊ शकते. डीसी शंट मोटरच्या (जिची फील्डची गुंडाळी आर्मेचरला समांतर असते) जुन्या तीन-टोकी स्टार्टरमध्ये याची तरतूद केलेली असते. सुरुवातीला बॅक ईएमएफ शून्य असते, तोवर त्याची उणीव आर्मेचरच्या एकसरीत जोडलेले रोध भरून काढतात. आपल्या मोटरला आरंभीचा प्रवाह १२ अँपिअरवर रोखायचा, तर असा १.५ ओहम रोध पुरेल. वेग वाढेल तसा हँडल पुढे सरकवत हे रोध एकेक करून वगळले जातात आणि शेवटच्या टप्प्यावर एक विद्युतचुंबक हँडल धरून ठेवतो. त्या चुंबकाची कॉइल मुद्दाम फील्डच्याच एकसरीत घातलेली असते. फील्ड तुटले की चुंबकाची पकड सुटते, स्प्रिंग हँडलला मागे खेचते आणि पुरवठा बंद होतो.